लाडोगाचा बर्फ आणि कुंभार्लीचा घाट

१.
या मालिकेत आपण आजवर किल्ल्यांविषयी, ताम्रपटांविषयी आणि बंदरांविषयी बोललो. आजचा धागा एका रस्त्याविषयी आहे. तो दर हिवाळ्यात तयार होई आणि वसंतात वितळून जाई. १९४१च्या हिवाळ्यात वेढलेल्या लेनिनग्राडसाठी गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून ट्रक कसे चालवले गेले, हे सांगायचे आहे. सोबत मी स्वतः बर्फावर गाडी चालवायला कशी शिकले, तेही सांगणार आहे; कारण त्याशिवाय पहिली गोष्ट मला नीट कळलीच नव्हती.

२.
माझे बाबा एस.टी.त चालक होते. चिपळूण-कराड मार्गावरचा कुंभार्ली घाट त्यांनी कितीदा ओलांडला असेल, याची गणती त्यांनाही नाही. अठरावे लागताच मी त्यांच्याकडून गाडी शिकले. त्यांचे नियम थोडे आणि पक्के होते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. ब्रेक तापले की ऐन वळणावर दगा देतात.

३.
त्यामुळे ‘मला गाडी येते’ हे वाक्य मी नेहमी थोड्या ताठ मानेने उच्चारत असे. ती मान घेऊनच मी इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी पूर्व फिनलंडमधील योएन्सू या गावी आले. सभोवती अरण्ये आणि सरोवरे, रशियाची सीमा शंभर किलोमीटरच्याही आत. डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा. नागपूरची एक वर्गमैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून एक जुनी गाडी घेतली.

४.
त्या डिसेंबरात आठवडाभर उणे १५च्या आसपास थंडी होती आणि मी व्यवस्थित गाडी चालवत होते. एके सायंकाळी तापमान शून्यावर आले आणि बारीक पाऊस पडला. मला उलट हायसे वाटले. थंडी ओसरली, रस्ता मोकळा झाला, नुसता ओला दिसतो आहे, असे माझ्या मनाने घेतले. पुलाच्या अलीकडे पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले. मी ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी झाला नाही.

५.
तो क्षण वर्णन करायला कठीण आहे. पायाखाली ब्रेक थरथरत होता आणि गाडी मात्र निवांत पुढे सरकत होती. मी घाबरून ब्रेक सोडला, पुन्हा दाबला आणि स्टिअरिंग झटक्यात उजवीकडे फिरवले. गाडी अर्धवट वळली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात डाव्या अंगाने... नाही, नीट सांगते. ती ज्या बाजूने आपटली, त्या बाजूला माझी मैत्रीण बसली होती. तिचे मनगट मोडले.

६.
रुग्णालयात वाट पाहताना मी तिला म्हणाले, “अगं, बर्फ होता ना.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, “बर्फ तर सगळ्यांसाठीच होता.” खरे होते ते. आमच्या पुढची गाडी थांबली होती. मागची गाडीही थांबली होती. त्या रस्त्यावर घसरलेली मी एकटीच होते. त्यानंतर दोन महिने मी गाडीच्या किल्लीला हात लावला नाही.

७.
याच सुमारास मी एका चर्चासत्रासाठी लाडोगाच्या बर्फमार्गावर निबंध लिहिला होता. अपघातानंतर तो पुन्हा वाचला, तेव्हा शरमल्यासारखे झाले. ‘शौर्य’ हा शब्द त्यात अकरा वेळा आला होता. ‘ब्रेक’, ‘वेग’, ‘अंतर’ हे शब्द एकदाही नव्हते. गाडी चालवणाऱ्या माणसांविषयी मी लिहिले होते आणि ती माणसे गाडी कशी चालवत होती, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

८.
तर आता मूळ गोष्टीकडे वळू. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबुर्ग घेतले आणि लेनिनग्राडचा उर्वरित देशाशी असलेला भूमार्ग तुटला. उत्तरेकडची बाजू फिनिश सैन्याने अडवली होती. मी आज ज्या देशात शिकते, त्याचेही नाव या वेढ्यात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. उरला एकच मार्ग: पूर्वेकडचे लाडोगा, युरोपातील सर्वांत मोठे सरोवर. हिवाळा जवळ आला तशा बोटीही थांबल्या.

९.
२० नोव्हेंबरला शहरातील शिधा नीचांकावर आला. कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव. कर्मचारी, अवलंबित आणि मुले यांना १२५ ग्रॅम. त्यातही निव्वळ पीठ नव्हते, भर घातलेली होती. आपल्या घरच्या तीन-चार पोळ्यांच्या वजनाचा हा तुकडा, आणि त्यावर संपूर्ण दिवस काढायचा. अशा वेळी सारे शहर एका गोष्टीची वाट पाहत होते: सरोवर पुरेसे गोठण्याची.

१०.
इथे मला पहिला धडा मिळाला. ‘सरोवर गोठले’ हे वाक्य चालकाच्या दृष्टीने अपुरे आहे. किती गोठले, हे महत्त्वाचे. हिशेब असा होता: मोकळा घोडा जायला सुमारे १० सेंटिमीटर बर्फ हवा, आणि एक टन माल लादलेला ट्रक जायला सुमारे २० सेंटिमीटर. म्हणून रस्ता सुरू करण्याआधी माणसे पायी निघाली. पहाऱ्या घेऊन ठिकठिकाणी भोके पाडत, जाडी मोजत, खुणा रोवत ती पैलतीराकडे गेली.

११.
माणसांमागून घोडे गेले. २० नोव्हेंबरला घसरगाड्यांचा तांडा सरोवर ओलांडून गेला. २२ नोव्हेंबरला ट्रकांचा पहिला ताफा निघाला: साठ गाझ-एए. हा फोर्डच्या नमुन्यावर बेतलेला दीड टनी ट्रक. रशियन लोक त्याला लाडाने ‘पोलुतोर्का’, म्हणजे ‘दीडकी’, म्हणत. पैलतीरी कोबोना गावात पीठ भरून ताफा परतला. शहरात ३३ टन पीठ पोहोचले.

१२.
आता थोडे गणित करू. साठ ट्रक, प्रत्येकी दीड टन, म्हणजे ९० टन माल सहज मावला असता. आणले ३३. उपाशी शहरासाठी निघालेल्या चालकांनी ट्रक जवळजवळ दोन-तृतीयांश रिकामे ठेवले. कारण बर्फ तेवढेच पेलत होता. पुढे काही ट्रकांच्या मागे घसरगाड्या जोडून माल वाटून टाकण्यात आला, म्हणजे सगळे वजन एका जागी येऊ नये. माझ्या निबंधात या पोत्यांचा आकडा होता. रिकाम्या जागेचा अर्थ मात्र मी लावला नव्हता.

१३.
तरीही ट्रक बुडाले. बॉम्बने फुटलेली भगदाडे रात्रीत पातळ बर्फाने झाकली जात आणि वरून हिम पडले की काहीच दिसत नसे. म्हणून चालक भर थंडीत दार उघडे ठेवून गाडी चालवत; कित्येकांनी दारेच काढून टाकली होती. ट्रक खचला तर उडी मारायला दोन-तीन क्षण मिळावेत, एवढाच हेतू. वाटेत कंदील घेऊन वाहतूक-नियंत्रक उभे असत. त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ होत्या.

१४.
सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढची. काही ट्रक पुरेशा जाड बर्फावरून, मर्यादेत माल घेऊन जात असतानाही बर्फ फुटत होता. कधी जड ट्रक सुखरूप जाई आणि त्यामागचा हलका ट्रक खचे. बॉम्ब नाही, भगदाड नाही. मग बर्फ फुटतो कसा? या कोड्याकडे लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतील पावेल कोबेको आणि नाउम रेनोव या शास्त्रज्ञांनी लक्ष घातले. बर्फ किती वाकतो, हे टिपणारे एक यंत्र रेनोव यांनी तयार केले.

१५.
उत्तर असे निघाले. बर्फ हा फरशीसारखा स्थिर नसतो. तो पाण्यावर तरंगणारा पत्रा असतो. ट्रक जाताना बर्फ किंचित खाली दबतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठते. ही लाट स्वतःच्या वेगाने धावते. ट्रकचा वेग नेमका लाटेइतका झाला की ट्रक त्या लाटेला सतत पोसत राहतो. झोपाळ्याला प्रत्येक वेळी अचूक क्षणी झोका द्यावा, तसे. लाट वाढत जाते आणि बर्फ तडकतो.

१६.
लाडोगाच्या मार्गावर हा घातक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता. शाळेतले भौतिकशास्त्र आठवत असेल तर हा आकडा ढोबळमानाने पडताळता येतो. उथळ पाण्यातील लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. दहा मीटर खोलीला तो सेकंदाला सुमारे ९.९ मीटर येतो, म्हणजेच ताशी ३५-३६ किलोमीटर. यावरून गाड्यांचे वेग आणि अंतर यांचे नियम ठरवण्यात आले. एकमेकांना खेटून जाणाऱ्या दोन ट्रकांच्या लाटा एकत्र येण्याचा धोकाही कळला.

१७.
हे वाचताना मी थबकले. बर्फावर ‘सावकाश चालवा’ एवढेच पुरते, असा माझा समज होता. लाडोगावर मात्र साठपेक्षा पस्तीस अधिक घातक ठरू शकत होते. हे ज्ञान कुणाच्या धाडसातून आले नव्हते. खचलेले ट्रक कुठे खचले, किती वेगाने जात होते, पाणी किती खोल होते, हे कुणीतरी उपाशीपोटी बसून मोजले होते. त्या नोंदींतल्या प्रत्येक ओळीमागे एक चालक होता.

१८.
फेब्रुवारीत मी धीर करून निसरड्या रस्त्यावरच्या सरावाला नाव घातले. फिनलंडमध्ये नवशिक्या चालकांना निसरड्या परिस्थितीचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. मी बाहेरून परवाना घेऊन आलेली, म्हणून ते माझ्याकडून राहून गेले होते. शिक्षक मितभाषी. त्यांनी मला ताशी ४० किलोमीटर वेग घेऊन खुणेपाशी ब्रेक दाबायला सांगितले. गाडी थांबली तेव्हा खूण आरशात बारीक ठिपक्यासारखी दिसत होती.

१९.
याचाही हिशेब करून पाहू. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षण जितके कमी, तितके ते लांबते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर ताशी ४० किलोमीटर वेगातून गाडी सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. ओल्या बर्फावर तो ०.१ धरला तर ६३ मीटर लागतात. वेग निम्मा, म्हणजे २० केला, तर तेच अंतर १६ मीटरवर येते. वेग निम्मा केला की अंतर चतुर्थांश होते. हा एक नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ आहे.

२०.
त्या सायंकाळी मी नेमके काय चुकले, तेही तिथे उलगडले. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाजवळ. उणे १५ला तो कोरडा आणि तुलनेने खरखरीत असतो. म्हणजे मला हायसे वाटले, नेमका तेव्हाच धोका सुरू झाला होता. ज्याला ‘काळा बर्फ’ म्हणतात, तो मुळात काळा नसतोच. तो पारदर्शक पापुद्रा असतो आणि त्यातून खालचे डांबर दिसते. पूल तर आधी गोठतो, कारण त्याला वरून आणि खालून, दोन्हीकडून थंड हवा लागते.

२१.
बर्फ निसरडा का असतो, या प्रश्नाचाही इतिहास आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८५०मध्ये सुचवले, की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. १९३९मध्ये बोडेन आणि ह्यूज यांनी दाखवले, की सरकण्याच्या घर्षणाने निर्माण होणारी उष्णताही बर्फ वितळवते. दोहोंचा व्यावहारिक अर्थ एकच: तापमान शून्याजवळ आले की आपण बर्फावर नसतो, बर्फावरच्या पाण्यावर असतो.

२२.
उरलेले धडे हातापायांचे होते. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक थरथरला की घाबरून सोडायचा नाही, दाबून धरायचा. ती थरथर म्हणजेच यंत्रणा काम करते आहे. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंग आणखी पिळायचे नाही, थोडे सरळ करून पकड परत येऊ द्यायची. मागची चाके घसरली तर जिकडे जायचे तिकडे पाहायचे आणि स्टिअरिंग हळुवार तिकडेच न्यायचे. ढिगाकडे पाहिले की गाडी ढिगात जाते. मी त्या सायंकाळी ढिगाकडेच पाहत होते.

२३.
टायरांची गोष्टही इतिहासातच बसते. जगातील पहिले हिवाळी टायर १९३४मध्ये फिनलंडमध्येच, ट्रकांसाठी तयार झाले. दोन वर्षांनी मोटारींसाठीचे आले. आज इथे नोव्हेंबर ते मार्च या काळात हवामान आणि रस्ता यांची स्थिती तशी असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि त्यांची खाच किमान ३ मिलिमीटर खोल लागते. आमच्या गाडीला ते टायर होते. म्हणजे दोष टायरांवर ढकलण्याचीही सोय नव्हती.

२४.
सराव संपल्यावर मी बाबांना फोन केला. अपघाताविषयी तोवर घरी काहीच सांगितले नव्हते. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “बाय, पहिल्या पावसात आपण घाटात गाडी कशी चालवतो?” मी म्हणाले, “जपून. वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते, रस्ता साबणासारखा होतो.” “आणि आठवड्यानं?” “धुऊन निघतो. मग पकड येते.” ते थोडे थांबले. “मग तुला ठाऊक होतं की. रस्ता सर्वांत वाईट कधी असतो, हे तू तिथल्या माणसाला का नाही विचारलंस?”

२५.
माझ्याकडे उत्तर नव्हते. बाबांचे नियम मी पाठ केले होते. ते नियम त्यांना कसे सापडले, हे मी कधी विचारले नव्हते. ते पहिल्यांदा घाटात गेले तेव्हा जुन्या चालकांशेजारी बसून गेले. कुठल्या वळणावर झरा रस्त्यावर येतो, धुके कुठे उतरते, दरड कुठे सुटते, हे विचारत गेले. मी कुंभार्लीची उत्तरे घेऊन योएन्सूच्या पुलावर गेले होते. विचारण्याची सवय मात्र चिपळुणातच राहिली होती.

२६.
लाडोगाचा पहिला हिवाळी मार्ग २४ एप्रिल १९४२पर्यंत चालला. अखेरच्या दिवसांत चाके पाण्यातून चालत होती. त्या एका हिवाळ्यात ३,६१,००० टनांहून अधिक माल शहराकडे आला आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसे शहराबाहेर नेण्यात आली. पुढच्या हिवाळ्यात मार्ग पुन्हा बांधला गेला. वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी. तोवर शहरातील लाखो माणसे भूक आणि थंडी यांनी दगावली होती. हा मार्ग त्या सर्वांना वाचवू शकला नाही, हेही सांगितले पाहिजे.

२७.
त्या चालकांनी जे शोधले, ते आजही वापरात आहे. एस्टोनियात मुख्य भूमी आणि हियुमा बेट यांच्यामध्ये समुद्र पुरेसा गोठला की बर्फमार्ग खुला करतात. तिथे ताशी २५ ते ४० किलोमीटर या टप्प्यात गाडी चालवायला मनाई असते. त्याखाली चालवा किंवा त्यावर. सीटबेल्टही सोडून ठेवायचा. उघड्या दाराचा लाडोगावरचा हेतूच तो.

२८.
आमच्याजवळ कोली येथे पिएलिनेन सरोवरावरून वुओनिसलाहतीला जाणारा सुमारे सात किलोमीटरचा बर्फमार्ग आहे. थंडी पुरेशी पडली तरच तो खुला होतो. मार्चच्या आरंभी मैत्रीण म्हणाली, “चल, जाऊ या.” तिचे प्लास्टर निघून काही आठवडे झाले होते. मी विचारले, “मी चालवू?” ती म्हणाली, “म्हणूनच तर म्हणते आहे.” निघण्यापूर्वी मी तीन माणसांना विचारले: मार्ग आज खुला आहे का, वजनाची मर्यादा किती, काल हवा कशी होती.

२९.
दोन्ही बाजूंना रोवलेल्या खुणा, मध्ये पांढरी वाट. थांबायचे नाही, कुणाला ओलांडायचे नाही, पुढच्या गाडीपासून दूर राहायचे. मी मोजून अंतर ठेवले होते. अर्ध्या वाटेवर मैत्रिणीने खिडकीची काच थोडी खाली केली. थंड वारा आत आला. ती काही बोलली नाही, मीही नाही. ८०-८५ वर्षांपूर्वी अशाच बर्फावर दार उघडे ठेवून बसलेला माणूस पहिल्यांदा मला चालक म्हणून दिसला.

३०.
पलीकडे पोहोचल्यावर बाबांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न केला, “खाली पाणी किती?” मी म्हणाले, “बाबा, पाणी नाही विचारलं. बर्फ किती जाड आहे, ते आधी विचारलं.” ते म्हणाले, “मग ठीक.”

निबंध मी नव्याने लिहून दिला आहे. ‘शौर्य’ हा शब्द त्यात आता एकदाच येतो, तोही शेवटच्या परिच्छेदात.

(धागा समाप्त. आपल्या घरात, गावात कुणी घाटाचे, वाळूचे, चिखलाचे वा बर्फाचे जुने चालक असतील, तर त्यांचे नियम आणि ते नियम त्यांना कसे कळले, हे जरूर विचारा व इथे लिहा. ती पुढच्या धाग्याची सामग्री होईल.)